बंदुकीहून बार महाग : घरसंरक्षणाच्या दारूगोळ्याचा पूर्वेतिहास

१. ऐतिहासिक ग्रंथांतून तोफांचीं नांवें सांपडतात, किल्ल्यांचे बुरूज मोजलेले असतात, पागेच्या घोड्यांची गणती असते. परंतु तोफेंत किंवा बंदुकींत जो बार भरावयाचा तो कोठून येई, त्यास मोल काय पडे, आणि तो उडविण्याचा सराव करणें माणसास परवडे कीं नाहीं, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः शस्त्राच्या प्रश्नापेक्षां हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. बंदूक एकदां घेतली म्हणजे तीन पिढ्या खुंटीवर टिकते. बार एकदां उडाला कीं संपला. शिवाय हात बसावयाचा तर बार पुनःपुनः उडवावा लागतो. ज्या घरांत बंदूक आहे पण सरावापुरता दारूगोळा नाहीं, त्या घराचें रक्षण बंदूक करीत नसून बंदुकीची कीर्ति करीत असते. आणि कीर्तीस भिणाराच चोर दर वेळीं येतो असें नाहीं.

२. प्रस्तुत लेखांत आम्हीं महाराष्ट्रापुरता या प्रश्नाचा मागोवा घेण्याचें योजिलें आहे. तोड्याच्या बंदुकीपासून आजच्या रिव्हॉल्व्हरपर्यंतचा क्रम पाहतां दोन गोष्टी ध्यानांत येतात. पहिली ही कीं, दारूगोळ्यांत जी जी सुधारणा झाली, तिनें बार उडविणें सोपें केलें, पण बार तयार करणें घराबाहेर नेलें. दुसरी ही कीं, सरावाचा स्वस्त दारूगोळा आपोआप कधीं निर्माण झाला नाहीं. ज्या समाजानें तो मुद्दाम निर्माण केला, त्याच समाजास शस्त्राचा उपयोग झाला. या दोन विधानांस आधार कोणता, तें क्रमानें सांगतों.

३. प्रथम शब्दांची साक्ष घेऊं. दारू, गोळी, बार, रंजक, तोडा हे शब्द पेशवाईच्या कागदांतून घरच्यासारखे वावरतात. काडतूस आणि पिस्तूल हे दोन शब्द मात्र पोर्तुगीजांबरोबर किनाऱ्यावर उतरलेले आहेत. पहिल्या वर्गांतील वस्तु सुट्या होत्या. कोणी दारू देई, कोणी शिसें देई, आणि त्यांचा बार बंदूकवाला स्वतःच्या हातानें सिद्ध करी. दुसऱ्या वर्गांतील वस्तु बांधलेली, परक्यानें बांधलेली, आणि त्याच्याकडूनच घ्यावयाची. भाषेंत पडलेली ही फूट पुढें व्यवहारांत किती रुंद झाली, तेंच आपणांस पाहावयाचें आहे.

४. शिवकालांत दारूचीं तीन द्रव्यें : सोरा, गंधक आणि कोळसा. कोळशास तोटा नव्हता. सोरा जुन्या गांवठाणांच्या पांढऱ्या मातींतून धुऊन व आटवून काढतां येतो. तथापि त्याचा मोठा पुरवठा बिहार प्रांतांतून होई, आणि युरोपीय कंपन्या तो जहाजें भरून नेत. गंधक व गोळीचें शिसें यांची मात्र महाराष्ट्रांत वाण होती. हीं दोन्ही बहुतांशीं समुद्रमार्गें येत. म्हणून किनाऱ्यावरील वखारवाल्यांशीं सलोखा ठेवणें अथवा त्यांस धाकांत ठेवणें, हें स्वराज्यास दारूगोळ्याच्या दृष्टीनेंच आवश्यक होतें. १६६० सालीं पन्हाळ्याच्या वेढ्यांत राजापूरच्या इंग्रजांनीं सिद्दी जौहरास दारूगोळ्याची मदत केली, आणि १६६१ सालीं शिवाजी महाराजांनीं राजापूरवर जाऊन त्याचा जाब घेतला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. उलटपक्षीं, सुरतेच्या फ्रेंचांकडून महाराजांनीं तोफा व बंदुकांपुरतें शिसें विकत घेतल्याचा उल्लेख ऑर्म या इंग्रज इतिहासकारानें केला आहे. तोफांबरोबर शिशाचा वेगळा उल्लेख व्हावा, यांतच त्या मालाची दुर्मिळता दिसते.

५. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांतील ग्रंथांत, दारूखान्याविषयीं जो उपदेश आहे तो या प्रकरणीं फार मोलाचा आहे. दारूखाना वस्तीच्या घरांलगत नसावा, तो स्वतंत्र बांधून भोंवतीं दाट कुंपण असावें, दारूस सर्दी लागूं देऊं नये, आणि आठ-पंधरा दिवसांनीं हवालदारानें स्वतः येऊन दारू, बाण वगैरे बाहेर काढून उन्हांत वाळवून पुन्हां मोहोर करून ठेवावे, अशा आशयाचीं तीं कलमें आहेत. पावसाळ्यांत सह्याद्रीच्या माथ्यावर दारू टिकविणें म्हणजे काय, हें ज्यांनीं एखादा श्रावण गडावर काढला आहे त्यांस सांगावयास नको. अमात्यांच्या दृष्टीनें दारूगोळा ही धान्यासारखी नाशवंत वस्तु आहे. ती सांठवून विसरावयाची नसून वारंवार हातीं घ्यावयाची आहे. आज ज्यांच्या कपाटांत दहा वर्षांपूर्वींचीं काडतुसें पडून आहेत, त्यांनीं हीं कलमें मुद्दाम वाचावीं.

६. गांवच्या पाटलाकडे किंवा वतनदाराकडे असणारी बंदूक तोड्याची असे. पेटत्या तोड्यानें रंजकास विस्तव लागे व कानांतून तो आंतील दारूस पोंचे. हें शस्त्र मंद होतें, पावसांत निरुपयोगी होतें, वारा सुटला तर रंजक उडून जाई. परंतु त्याचा एक मोठा गुण असा कीं, त्यास लागणारी प्रत्येक वस्तु घरांत किंवा गांवांत हाताळतां येई. गोळ्या पाडण्याचा सांचा घरीं असे. शिसें वितळवून चुलीवर गोळ्या होत. शिसें संपलें तर लोखंडाचे तुकडे, प्रसंगीं खडेसुद्धां चालत. सरावासाठीं दारू कमी घालतां येई. झाडाच्या बुंध्यांत किंवा मातीच्या ढिगांत रुतलेलें शिसें उकरून पुन्हां सांच्यांत ओततां येई. म्हणजे एकाच शिशावर दहा दिवस नेमबाजी चाले; खर्च पडे तो दारूचा. स्वस्त सरावाची ही सोय शस्त्राच्या ओबडधोबडपणांतच होती.

७. पुढील पायरी टोपीची. १८०७ सालीं फॉर्सिथ या स्कॉटिश पाद्र्यानें आघातानें पेट घेणाऱ्या द्रव्याचा उपयोग बंदुकींत करण्याचा हक्क नोंदविला, आणि पुढें त्यावरून तांब्याच्या टोपीची बंदूक निघाली. तिला पावसाचें भय राहिलें नाहीं. परंतु टोपींतील स्फोटक रसायन चुलीवर होणारें नव्हे. तें कारखान्यांतच व्हावयाचें. दारू आहे, गोळी आहे, पण टोपी नाहीं, तर बंदूक म्हणजे काठी! सर्व साहित्यांत जी वस्तु सर्वांत लहान व हलकी, तिनेंच घरधन्यास प्रथम परावलंबी केलें.

८. रिव्हॉल्व्हराचा जन्म याच टोपीच्या काळांतला. कोल्ट याचा अमेरिकन पेटंट १८३६ सालचा. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनांत तें शस्त्र गाजलें, आणि त्याच वर्षीं अ‍ॅडम्स याचें इंग्लिश रिव्हॉल्व्हर पुढें आलें. हीं पहिलीं रिव्हॉल्व्हरें सुट्या दारूनें व गोळीनेंच भरलीं जात, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. त्यांच्या लांकडी पेटींत दारूची कुपी आणि गोळ्या पाडण्याचा सांचा हीं शस्त्राबरोबरच येत. म्हणजे पाटलाच्या घरांतील सांचा येथें मखमलीच्या पेटींत बसला होता, एवढाच फरक. १८५७ सालीं अमेरिकेंत स्मिथ आणि वेसन यांनीं धातूच्या काडतुसाचें लहान रिव्हॉल्व्हर काढलें. तें ०·२२ इंच व्यासाचें होतें. याच सालीं हिंदुस्थानांत कागदी काडतुसाच्या चरबीवरून जो वणवा पेटला त्याचें वर्णन येथें नको. पण आपल्या तोंडानें फोडावयाची वस्तु परक्यानें कशानें माखली आहे हें शिपायास कळूं शकत नव्हतें, हा त्या प्रकरणाचा गाभा आमच्या विषयाशीं जवळचा आहे. बार घरचा असता तर ती शंका उद्भवलीच नसती.

९. १८६६ सालीं इंग्लंडांत बॉक्सर व अमेरिकेंत बर्डन यांनीं मध्यभागीं टोपी असलेलें काडतूस सिद्ध केलें. येथून पितळी पुंगळी, टोपी, दारू व गोळी हीं चारही एकजीव झालीं. त्यानंतर तीनच वर्षांनीं, १८६९ सालीं, पुण्याच्या शेजारीं खडकी येथें सरकारी दारूगोळ्याचा कारखाना उघडला. ज्या खडकीवर १८१७ च्या नोव्हेंबरांत पेशव्यांची लढाई झाली, तेथेंच इंग्रजांच्या फौजेचीं काडतुसें होऊं लागलीं. खडकीच्या काडतुसांच्या बुडावर ‘के. एफ.’ अशी खूण असे. जमिनींत गंजून पडलेली अशी पुंगळी हा एक लहानसा ताम्रपटच होय. दान कोणी कोणास दिलें, एवढेंच त्यावर कोरलेलें नसतें.

१०. आतां कायद्याकडे वळूं. १८६० च्या कायद्यानंतर लॉर्ड लिटन याच्या कारकीर्दींत १८७८ चा अकरावा कायदा झाला. यासच लोक हत्यारांचा कायदा म्हणतात. या कायद्यावरील चर्चेंत शस्त्रांचा परवाना तेवढा प्रसिद्धि पावला आहे. आमच्या मतें त्याची खरी धार त्यांतील व्याख्यांत आहे. दारूगोळ्याच्या व्याख्येंत टोप्या, चकमकीचे दगड, बारावर ठासावयाच्या चकत्या, काडतुसाचे सर्व भाग, आणि तें करण्याचीं यंत्रेंसुद्धां घातलीं आहेत. शिसें, गंधक व सोरा यांस त्या व्याख्येंतून वगळलें. परंतु लष्करी सामान या दुसऱ्या व्याख्येखालीं, सरकार जाहीरनामा काढील तेथें, त्यांसही आणण्याची सोय करून ठेविली. सारांश, पाटलाच्या घरच्या साहित्यांतील एकही जिन्नस कायद्याच्या नजरेंतून सुटला नाहीं. युरोपियनांस प्रारंभीं या कायद्यांतून सूट होती. वंशावर बेतलेली ती सूट पहिल्या महायुद्धानंतर मोडली. १८८७ च्या मद्रास येथील राष्ट्रीय सभेनें या कायद्याविरुद्ध ठराव केला, तेव्हां लोकांस अविश्वासाचा अपमान जितका बोंचत होता, तितकीच घराच्या असहायतेची चिंताही होती.

११. ही चिंता काल्पनिक नव्हती. १८७६ ते १८७८ या दुष्काळानंतर दख्खनांत दरवडे वाढले. १८७९ च्या फेब्रुवारींत वासुदेव बळवंत फडके यांच्या मंडळीनें धामारीवर व मे महिन्यांत पळस्प्यावर घाला घातला. फडके यांचा हेतु राजकीय होता, आणि त्यांस द्रव्याची विवंचना होती म्हणूनच ते या मार्गास लागले. त्यांच्या देशभक्तीविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु रात्रीं दार फुटलेल्या घरांतील माणसास हेतूंचा भेद दिसत नाहीं. सरकारचें ठाणें कोसावर, घरांत बंदूक असली तर बार नाहीं, बार असला तर हात बसलेला नाहीं, अशी खेड्यांतील सधन कुटुंबाची स्थिति होती. दुसऱ्या बाजूनें, शेतकरीही रानडुकरांपुढें तितकाच निरुपाय झाला होता. एकाच तंगीनें सावकार व कुणबी या दोघांचीही राखण काढून घेतली.

१२. कोणी म्हणेल कीं, शस्त्रें सुलभ असतीं तर रक्तपातच वाढला असता. दारूगोळा महाग व दुर्मिळ असणें हेंच समाजाच्या हिताचें. या आक्षेपांत तथ्य आहे, आणि तें आम्ही झांकून ठेवीत नाहीं. हातांत भरलेलें शस्त्र असलें म्हणजे भांडणाचा खून होण्यास क्षण पुरतो. पण आक्षेपकांनीं एक विवेक करावा. शस्त्र देऊन सराव नाकारणें, हा मध्यम मार्ग नसून दोन्ही बाजूंचा तोटा आहे. न सरावलेला हात चोरास लागत नाहीं. तो शेजाऱ्यास, पोरास किंवा स्वतःस लागतो. म्हणून प्रश्न शस्त्र असावें कीं नसावें एवढाच नाहीं. शस्त्र असल्यास त्याबरोबर शिक्षण व सराव परवडतो कीं नाहीं, हाही आहे.

१३. इतर देशांनीं हा प्रश्न कसा सोडविला, तें पाहणें बोधप्रद आहे. बोअर युद्धांत इंग्रज शिपायाची नेमबाजी कच्ची ठरली. तेव्हां १९०१ सालीं इंग्लंडांत कामकरी लोकांसाठीं लहान बोअरच्या रायफलींचे क्लब स्थापणारी संस्था निघाली, आणि लॉर्ड रॉबर्ट्‌स यानें तिचा कैवार घेतला. युक्ति साधी होती : मोठ्या रायफलीचीं काडतुसें कामकऱ्यास परवडत नाहींत आणि त्यांस मैदानही मोठें लागतें, ०·२२ चें काडतूस स्वस्त, धक्का नाहीं, आवाज थोडा, एखादी लांब कोठडी पुरे. ०·२२ लाँग रायफल हें काडतूस १८८७ पासून प्रचारांत होतेंच. लहान गोळीवर शिकलेला हात मोठ्या गोळीस चालतो, कारण नेम धरणें, श्वास आवरणें आणि घोडा न हिसकतां दाबणें या तिन्ही गोष्टी दोहोंत सारख्याच आहेत.

१४. अमेरिकेंत रिव्हॉल्व्हरवाल्यांनीं दुसरी वाट काढली. काडतुसांतील सर्वांत महाग भाग पितळी पुंगळीचा, आणि ती तर उडाल्यावर शिल्लकच राहते. तेव्हां चिमट्याच्या घाटाच्या हत्यारानें जुनी टोपी काढून नवी बसवावी, दारू घालावी, आणि सांच्यांत पाडलेली गोळी वर दाबावी, असा प्रघात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथें रूढ झाला. म्हणजे काडतुसानें घराबाहेर नेलेलें काम पुन्हां अंशतः घरांत आलें. मध्यभागीं टोपी असलेल्या पुंगळीसच हें साधतें. ०·२२ च्या काडतुसांत स्फोटक द्रव्य कांठांत असल्यामुळें तें पुन्हां भरतां येत नाहीं, पण तें मुळांतच स्वस्त असतें. शिवाय सरावासाठीं चपट्या तोंडाची मऊ शिशाची गोळी व थोडी दारू असें वेगळें काडतूस निघालें. तें कागदी निशाणावर स्वच्छ गोल भोंक पाडतें व हातास धक्का कमी देतें. आणखी एक सोय अशी कीं, १९३५ च्या ०·३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हरांत ०·३८ स्पेशल हें सौम्य काडतूस चालतें. त्यामुळें एकाच शस्त्रावर सराव सौम्य बारानें व राखण कडक बारानें करतां येते. इंग्रज लष्करानेंही जड ०·४५५ रिव्हॉल्व्हर शिकविण्यास फार वेळ लागतो असें पाहून १९३२ च्या सुमारास सौम्य ०·३८ स्वीकारलें. सारांश सर्वत्र एकच : सरावाचा बार व प्रसंगाचा बार हे वेगळे ओळखावे.

१५. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे या विचारास जें थोडें चालन मिळालें, त्यांत एका मराठी पुरुषाचें नांव अग्रभागीं आहे. १९५१ सालीं राष्ट्रीय रायफल संघ स्थापन झाला, त्याचे प्रवर्तक लोकसभेचे पहिले सभापति गणेश वासुदेव मावळणकर हे होते. आयुष्य वकिलींत व सभागृहांत घालविलेल्या गृहस्थास नेमबाजीची निकड वाटावी, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. पुढें १९५९ चा शस्त्रास्त्र कायदा झाला व १९६२ च्या १ ऑक्टोबरपासून अंमलांत येऊन त्यानें १८७८ चा कायदा रद्द केला. नव्या कायद्यानें पिकांच्या राखणीसाठीं ठासणीच्या बंदुकीस परवान्याच्या बाबतींत वेगळें स्थान दिलें. कोंकणांत अजूनही जी ठासणीची बंदूक दिसते, ती केवळ जुनाट सवयीनें टिकलेली नाहीं. सुट्या बाराची काटकसर हेंही तिच्या दीर्घायुष्याचें एक कारण आहे. शिवकालीन अर्थशास्त्र तेथें आजही जिवंत आहे.

१६. रिव्हॉल्व्हराची स्थिति निराळी आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्याचें ०·३२ रिव्हॉल्व्हर परवानेदार नागरिकांच्या हातीं आहे. २०२१ सालीं सरकारी कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या, त्यांपैकीं दारूगोळ्याची कंपनी पुण्यांतच आहे. म्हणजे काडतूस पुण्याच्या उंबऱ्यावर होतें. परंतु किती घ्यावें व किती जवळ बाळगावें हें परवान्यानें बांधलेलें असतें, आणि परवान्याविना घरीं काडतूस भरणें हा अपराध आहे. हें बंधन आम्ही अयोग्य म्हणत नाहीं. २०१६ च्या नियमांनीं परवान्यापूर्वीं सुरक्षित हाताळणीचें शिक्षण आवश्यक ठरविलें, हें योग्यच झालें. परंतु शिक्षण एकदांचें, सराव नित्याचा. आणि नित्याचा सराव ०·३२ च्या काडतुसांवर करणें सामान्य परवानेदारास झेपण्यासारखें नाहीं. परिणामीं बहुतेक रिव्हॉल्व्हरें विकत घेतल्या दिवसाइतकींच कोरीं राहतात, आणि त्यांच्या धन्यांचे हातही.

१७. यास उपाय नाहीं असें नाहीं, व तो इतिहासांतूनच निघतो. नेमबाजीच्या क्लबांत ०·२२ च्या शस्त्रावर किंवा हवेच्या पिस्तुलावर हात बसवावा. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्यूनिक येथें जें जागतिक अजिंक्यपद मिळविलें, तें ०·२२ च्याच रायफलीवर. त्याच जिल्ह्यांतील स्वप्निल कुसाळे यांचें २०२४ चें पॅरिसचें कांस्यपदकही त्याच बोअरवरचें. लहान गोळीस कमी लेखण्याचें कारण उरलेलें नाहीं. दुसरें, शस्त्र पूर्ण रिकामें असल्याची दोनदां खात्री करून, काडतुसें दुसऱ्या खोलींत ठेवून, भिंतीवरील खुणेवर नेम धरून घोडा दाबण्याचा कोरा सराव करावा. यास दमडी पडत नाहीं, आणि बसणाऱ्या हातापैकीं बराच हात यानेंच बसतो. तिसरें, मोलाचीं थोडीं काडतुसें उडवावयाचीं तीं जुनीं आधीं उडवावीं, आणि नवीं पेटींत ठेवावीं. अमात्यांनीं दर पंधरवड्यास दारू उन्हांत काढावयास सांगितली, तिचाच हा आजचा अर्थ आहे : सांठा फिरता ठेवावा, म्हणजे तो प्रसंगीं फसवीत नाहीं.

१८. येथवर जें लिहिलें त्यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, घराच्या राखणीचा इतिहास हा शस्त्रांच्या यादीवरून लिहितां येत नाहीं; तो शिशाच्या, सोऱ्याच्या व टोप्यांच्या खर्चावरून लिहावा लागतो. जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर गोळ्या पाडण्याचे दगडी व लोखंडी सांचे, दारूचीं शिंगें, रंजकदाण्या अद्याप पडलेल्या आहेत. तलवार सांपडली म्हणजे ती दिवाणखान्यांत लागते. सांचा सांपडला म्हणजे तो भंगारांत जातो. आमची संशोधक मित्रांस विनंति आहे कीं, त्यांनीं हे सांचे मोडीत जाऊं न द्यावे, त्यांच्या खळग्यांचा व्यास मोजून टिपून ठेवावा, आणि दप्तरांतील जमाखर्च चाळतांना शिसें व दारू यांच्या ओळी गाळून पुढें जाऊं नये. तलवारीवरून धन्याचा दर्जा कळतो. त्याचें घर रात्रीं कितपत सुरक्षित होतें, हें सांच्यावरून कळतें.